नदीचा लिलाव

माझी मावशी लोकांना गाडी चालवायला शिकवते. ड्रायव्हिंग स्कूलच्या छोट्या पांढऱ्या गाडीत ती शिकणाऱ्याच्या शेजारी बसते. मांडीवर पर्स आणि पायाशी तिचा स्वतःचा वेगळा ब्रेक. ती कधी ओरडत नाही. समोरून ट्रक येत असला आणि स्टिअरिंगवरचा माणूस डोळे मिटून देवाचा धावा करत असला, तरी ती एवढंच म्हणते, “घाबरा, हरकत नाही. पण डोळे उघडे ठेवून घाबरा.”

तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, ह्याच्या अगदी उलटे. ते भाजीच्या घाऊक बाजारात लिलाव पुकारायचे. टोमॅटोच्या रिकाम्या क्रेटवर उभं राहून त्यांनी एकदा का बोली सुरू केली की कोबीच्या ढिगामागे डुलकी काढणारा व्यापारीसुद्धा खडबडून जागा व्हायचा. घरी ते फोनवर बोलायला लागले की मावशी विचारायची, “अहो, खिडकीतूनच बोला ना, फोनचा खर्च कशाला?”

रविवारी दुपारी जेवणं आटोपली की ह्या आवाजाचा दुसरा संसार सुरू व्हायचा. जेवणाचं टेबल पुसून आम्ही भोवती बसायचो. काका, त्यांचे शाळेपासूनचे मित्र दातांचे डॉक्टर, काकांच्या इमारतीची लिफ्ट दुरुस्त करायला आलेला आणि मग कायमचाच झालेला लिफ्टवाला, आणि मी.

खेळ सांगायला सोपा आहे. एकजण गोष्ट सांगतो, त्याला आम्ही सूत्रधार म्हणतो. बाकीचे त्या गोष्टीतली एकेक माणसं होतात. सूत्रधार म्हणतो, “समोर दरी आहे, पूल मोडलाय.” आपण काय करणार ते आपण सांगायचं, आणि जमलं की नाही ते फासे ठरवणार. पट नाही, सोंगट्या नाहीत, शेवटी कुणी जिंकत नाही की हरत नाही. म्हणूनच बहुधा एकच मोहीम वर्षानुवर्षं चालू राहते.

आमच्या मोहिमेतली नदी चोरीला गेली होती. एका सकाळी लोक पाण्याला गेले तर पात्र कोरडं. कुणीतरी नदी सतरंजीसारखी गुंडाळून नेली होती. ती शोधायला निघालेली आम्ही तीन माणसं. डॉक्टर म्हणजे धोंडफोड नावाचा चिलखतातला योद्धा. बिचारे दिवसभर लोकांना “दुखणार नाही हं” असं सांगून थकलेले असायचे, त्यामुळे खेळात ते कुणालाच तसं सांगत नसत. लिफ्टवाला म्हणजे फुसकेबुवा, ज्यांचे निम्मे मंत्र ऐनवेळी ओले फटाके निघायचे. आणि मी चिमणी, हलक्या हाताची चोर. सूत्रधार अर्थात काका. वादळ, घोडे, म्हाताऱ्या चेटकिणी, दरवाजाची बिजागरी, सगळ्यांचे आवाज तेच काढायचे.

मावशी कधीच खेळली नाही. येताजाता चहाचे कप ठेवायची आणि म्हणायची, “सापडली का तुमची नदी? नाही? मग आंघोळी करून घ्या, घरच्या नळाला पाणी आहे अजून.”

मग काकांचा आवाज बसला. आधी वाटलं सर्दी. पण तो उठेचना. बाजारात त्यांनी पुकारलेली बोली शेजारच्या माणसाला दुसऱ्यांदा पुकारावी लागायला लागली. घशाच्या डॉक्टरीण बाईंनी दुर्बिणीने पाहिलं, स्वरयंत्रावर गाठी आहेत म्हणाल्या, शस्त्रक्रिया केली, आणि नंतर बजावलं, “आता काही आठवडे एक शब्दसुद्धा नाही. कुजबुजसुद्धा नाही. कुजबुज तर मुळीच नाही.”

मावशीने त्यांना पाटी आणि खडू आणून दिला. काका मूग गिळून खिडकीत बसायला लागले. मोहीम भलत्याच जागी अडली होती. आम्ही तिघं एका डोंगराखाली बंद दगडी दारासमोर उभे होतो आणि दारापलीकडून पाण्याचा आवाज येत होता.

“पुढचं लिहून द्या की,” मावशी म्हणाली. “मी वाचून दाखवते.”

काकांनी पाटीवर लिहिलं, ‘लिहिलेलं नाही. बोलता बोलता सुचतं.’

“म्हणजे एवढी वर्षं तुम्ही थापा मारत होतात?”

काकांनी नाराजीने मान हलवली, मग जरा विचार करून होकारार्थी हलवली.

पण मावशीला त्यांचं ते खिडकीतलं बसणं बघवेना. मला म्हणाली, “गप्प माणूस मला चालतो गं. पण हा गप्प नाही, हा विझलाय.” आणि तिने पलंगाखालची पत्र्याची ट्रंक ओढली. तिच्यात काकांच्या तरुणपणीच्या पुस्तिका होत्या. ह्याच खेळासाठी कुणी कुणी लिहून छापलेली तयार साहसं, पिवळी पडलेली, प्रत्येक वेगळ्या पिशवीत. काकांचा त्यांच्यावर भारी जीव. मावशीने एक उचलली, ‘आंधळ्या राजाचं तळघर’. पहिल्याच पानावर डोंगराखालचं दगडी दार होतं.

“दार जुळतंय ना? मग झालं,” ती म्हणाली.

झालं काहीच नाही. त्या रविवारी ती सूत्रधाराच्या खुर्चीत ताठ बसली, चष्मा लावला आणि वाचायला लागली, “हा मजकूर खेळाडूंना मोठ्याने वाचून दाखवावा.”

“तेवढं नाही वाचायचं,” डॉक्टर म्हणाले.

“असं होय.” तिने पान उलटलं. “खालील मजकूर खेळाडूंना कळता कामा नये. सिंहासनाच्या खाली चोरकप्पा असून...” ती थांबली. आम्ही तिघंही छताकडे बघायला लागलो. काकांनी कपाळाला हात लावला.

पुस्तिका होती नवशिक्या वीरांसाठी, आणि आम्ही मुरलेले. खोलीत राक्षस, धोंडफोडचा एक घाव, राक्षस खलास. पुढच्या खोलीत राक्षस, एक घाव, खलास. डॉक्टर जांभया देत देत राक्षस मारत होते. शेवटी आंधळा राजा भेटला, खजिन्याबद्दल तीन वाक्यं बोलला आणि मेला.

“पण काकू, नदी?” लिफ्टवाल्याने विचारलं.

मावशीने पुस्तिका मागून पुढे चाळली. “नदी ह्यात नाहीये.”

आमचं सगळ्यांचं घोडं तिथेच अडलं. आम्ही निघालो तेव्हा ती धुमसत होती. “पुस्तिकाच भिकार आहे.”

काकांनी पाटीवर लिहिलं, ‘नाचता येईना.’ म्हणीचा उरलेला भाग लिहायच्या आत मावशीने पाटी हिसकावून हाताने पुसून टाकली.

दुसऱ्या दिवशी मला कामावर सोडताना तिने गाडी सिग्नलला उभी केली आणि एकदम विचारलं, “त्या चौथ्या खोलीचं दार केवढं होतं आठवतंय?”

“नाही बुवा.”

“माणसाच्या कमरेएवढं. मी नीट वाचलंय. आणि आत राक्षस दोन मजली. तो आत शिरला कसा?”

“मावशी, जुनी पद्धत आहे ती. खोली आली की राक्षस असायचाच.”

“आणि खातो काय? कुणी डबा आणून देतं का त्याला? बाहेर का जात नाही? त्याला तिथे बसून नक्की मिळतं काय?” मागच्या गाडीने हॉर्न वाजवला. तिने शांतपणे गिअर टाकला. “आणि जो रस्ता मी नवशिक्याला देते तोच मुरलेल्या ड्रायव्हरला दिला, तर तो झोपेलच की गाडीत.”

“मग सोपं आहे. राक्षसांची ताकद दुप्पट कर.”

“नुसता चढ वाढवून रस्ता चांगला होत नाही,” ती म्हणाली. मी उतरले तरी ती राक्षसाचाच विचार करत होती. माझी छत्री गाडीतच राहिली, ते तिच्या लक्षातही आलं नाही.

त्या संध्याकाळी तिने पुस्तिकेवर लाल पेनाचं टोपण उघडलं आणि काकांना दरदरून घाम फुटला. ते दोन्ही हात पसरून ट्रंकेवर आडवे झाले. शेवटी तह झाला, खुणा मूळ प्रतीवर करायच्या नाहीत. मावशीने कोपऱ्यावरच्या दुकानातून छायाप्रती काढून आणल्या आणि टेबलावर कात्री, डिंक, लाल पेन असा थाट मांडला. शिकवणीच्या दोन फेऱ्यांमध्ये वेळ मिळाला की ती बसायची. आधी तिने खोल्या कापल्या. “ह्या सगळ्या खोल्या एकच काम करतात. एक ठेवली तरी पुरे.” मग राजाला आमच्या मोहिमेत ओढून आणलं. हा तोच राजा, ज्याच्या डोळ्यांना दिसत नाही ह्याचा फायदा घेऊन धुळीच्या राणीने नदीच्या कराराखाली त्याचा अंगठा घेतला. धुळीची राणी आमची जुनीच शत्रू होती, काकांनी फार पूर्वी निर्माण केलेली. पुस्तिकेतल्या खजिन्याच्या जागी मावशीने तो करार ठेवला. मला हे सगळं आधीच कळत गेलं, पण तिने मला तोंड बंद ठेवायची शपथ घातली आणि तळघरातल्या खड्ड्यांच्या जागा मात्र सांगितल्या नाहीत.

पुढच्या रविवारी तिने सुरुवातच अशी केली, “मागच्या वेळी जे झालं ते सगळं फुसकेबुवांना पडलेलं स्वप्न होतं.”

“एवढं कंटाळवाणं स्वप्न मी बघतो?” लिफ्टवाला दुखावला.

“तुम्ही रात्री जड खाल्लं होतं. बरं, दगडी दार उघडलंय. आत लांब दालन आहे, मधोमध खांब.” आता ती वाचत नव्हती, सांगत होती. गाडीत सांगते तशी, हळू आणि स्पष्ट, पुढचं वळण आधीच बघितल्यासारखी.

डॉक्टर खुर्चीत पुढे सरकले. “थांबा. हे तळघर मी तरुणपणी खेळलोय. खांबाच्या डावीकडे खड्डा आहे. सगळ्यांनी माझ्यामागून उजवीकडून या.” आणि धोंडफोड छाती काढून उजवीकडून निघाला.

“धप्प,” मावशी म्हणाली.

“अहो वहिनी! खड्डा डावीकडे असतो!”

“असायचा. बुजवला. लोक फार पडत होते.”

लिफ्टवाला इतका हसला की त्याचे फासे टेबलाखाली गेले.

धोंडफोडला वर काढून आम्ही त्या बुटक्या दाराशी पोचलो. आतून कुणीतरी हुंदके देत होतं. डॉक्टरांनी सवयीने कुऱ्हाड उपसली. मावशीने सांगितलं, “आत राक्षस आहे. इवलासा असताना खेळत खेळत आत आला आणि तिथेच वाढला. आता बाहेर पडता येत नाही. पहारेकरी फटीतून खाणं ढकलतात. तो गालाला हात लावून बसलाय.”

“कुठला गाल?” डॉक्टरांनी विचारलं.

“डावा. सुजलाय.”

डॉक्टरांनी हळूच कुऱ्हाड खाली ठेवली. “खालची दाढ असणार. वर बघायला सांगा त्याला.”

पुढचा सगळा वेळ त्या दाढेत गेला. फुसकेबुवांनी दोर, कप्पी आणि वजनाचा धोंडा वापरून अशी योजना केली की वजन खाली आलं की दाढ वर यावी. लिफ्टवाल्याने ती टेबलावर चमच्यांनी करून दाखवली. फासे टाकायची वेळ आली तेव्हा डॉक्टर टेबलावर झुकले आणि राक्षसाला, म्हणजे मावशीला, अगदी मऊ आवाजात म्हणाले, “दुखणार नाही हं.” दाढ निघाली. खूश झालेल्या राक्षसाने ठणक गेल्यावर एका धक्क्यात भिंत पाडली आणि आम्हाला खांद्यावर बसवून राजापर्यंत नेलं. मावशीने एवढं काही योजलं नव्हतं. तिने नंतर कबूल केलं की तिला फक्त डॉक्टरांची कुऱ्हाड थांबवायची होती.

राजाने करार आमच्या हातात दिला. आणि राजा मेला नाही.

तेव्हा खिडकीतून काका उठले. पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘राजा मरतो.’

“इथे नाही मरत,” मावशी म्हणाली.

काकांनी ‘मरतो’खाली रेघ मारली. मग दुसरी मारली, खडू तुटला.

“तुमच्या पुस्तिकेत तो मरतोच, कुणी काहीही केलं तरी. मग ह्यांनी खेळायचं कशाला? तो मरताना बघायला तिकीट काढून येतील.”

काकांनी पाटी टेबलावर आपटली आणि आतल्या खोलीत गेले. त्यापुढच्या रविवारी आम्ही आलो तर काका घरात नव्हते, बागेत फेऱ्या मारायला गेले होते. खेळायचा कुणालाच उत्साह नव्हता. डॉक्टर कप फिरवत म्हणाले, “वहिनी, ती पुस्तिका त्याने पहिल्यांदा सूत्रधार होऊन खेळवली होती. हॉस्टेलच्या खोलीत. राजा मेला तेव्हा आम्ही पाचही पोरं रडलो. मीपण. त्या दिवशी आम्हाला कळलं की ह्याच्या आवाजात काहीतरी आहे.”

मावशी उठली. चप्पल घालून बागेत गेली. मी मागोमाग गेले, कारण काकांची पाटी घरीच राहिली होती आणि ती घेऊन जायला कुणीतरी हवं होतं. काका बाकावर बसले होते. मावशी शेजारी बसली.

“मी राजाला मारणार नाही,” ती म्हणाली. “पण तुम्ही तो कसा मारला होतात ते मला सांगा.”

 काकांनी माझ्याकडून पाटी घेतली. लिहीत होते, पुसत होते, पुन्हा लिहीत होते. शर्टाची बाही पांढरी झाली. राजा त्या पाच जणांना जवळ बोलावतो. म्हणतो, मला खजिना नको, मला कुणी सांगा, बाहेर आत्ता आभाळ कसं दिसतंय. प्रत्येकाने आपापल्या परीने आभाळ सांगायचं. सगळ्यांचं सांगून झालं की राजा जातो.

मावशीने शेवटची पाटी दोनदा वाचली. “अहो,” ती म्हणाली, “हे त्यात नाहीये.”

काकांनी भुवया उंचावल्या.

“मी ती पुस्तिका कापून चिकटवलीय, मला पाठ आहे. राजा खजिन्याबद्दल तीन वाक्यं बोलतो आणि मरतो. आभाळबिभाळ काही नाही. ते तुमचं आहे.”

काका ताडकन उठले आणि इतक्या झपाझप घरी निघाले की आम्ही मागे पडलो. पोचलो तेव्हा ते जमिनीवर बसले होते, मूळ प्रत मांडीवर, बोट ओळींवरून फिरत होतं. तीन वाक्यं. खजिना, किल्ली, चोरकप्पा. आभाळ नाही. इतकी वर्षं ते धरून चालले होते की ते छापलेलंच होतं.

“म्हणजे तुम्हीपण बदललंतच की,” मावशी म्हणाली.

काकांचे खांदे हलायला लागले. मला क्षणभर वाटलं रडतायत. ते हसत होते, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग त्यांनी स्वतःच ट्रंकेतून एक पिशवी काढून मावशीच्या हातात ठेवली. ‘मुका बाजार’. पाटीवर लिहिलं, ‘ह्याचं काहीतरी कर. मी खेळतो.’

काका आणि खेळाडू! सूत्रधाराखेरीज दुसऱ्या खुर्चीत त्यांना आम्ही कधी पाहिलंच नव्हतं. त्यांनी स्वतःसाठी एक हमाल घेतला, नाव ‘ओझं’.

‘मुका बाजार’ ही गोष्ट अशा बाजाराची, जिथे जो बोलेल त्याचा दगड होतो. पुस्तिकेत वीर अंधारात शिरून दुकानं लुटतात. मावशीने लूट काढून टाकली. कराराच्या पाठीवर बाजाराचा शिक्का होता, राणीने नदी तिथे गहाण टाकली होती, त्यामुळे आम्ही तिथे पोचणं ओघानेच आलं. ती म्हणाली, “बाजार आहे तर खरेदी-विक्री होऊ दे. चौथऱ्यावर नदीची गुंडाळी ठेवलीय. आज तिचा लिलाव आहे. आणि नियम टेबलालाही लागू. बोलेन फक्त मी. तुमच्यापैकी जो तोंड उघडेल त्याचा दगड.”

पहिला दगड डॉक्टरांचा झाला. “म्हणजे आम्ही...” एवढंच म्हणाले. राहिलेला वेळ ते हात बांधून, गाल फुगवून बसले. लिफ्टवाला हातवारे करून काहीतरी विचारत होता, ते कुणालाही कळत नव्हतं. मी खुणेने दार दाखवलं तर त्याने मला पाणी आणून दिलं. काका मात्र गेले कित्येक आठवडे ह्याच बाजारात राहत होते. त्यांनी एका नजरेत मला गप्प केलं आणि लिफ्टवाल्याला खाली बसवलं.

“इथे पैसे चालत नाहीत,” मावशीने सांगितलं. “एक बोट म्हणजे बाजाराच्या मालकाकडे एक वर्षाची चाकरी. पलीकडे नदी परत मिळवायला धुळीची राणी उभी आहे. तिने दोन बोटं वर केलीत.”

मावशीचा बेत असा होता की आम्ही आमच्या लाडक्या वस्तू देऊ करू, तलवार, मंत्राचा दंड, आणि मालक विरघळेल. पण काकांनी बाह्या सरसावल्या. पाच बोटं. राणी सात. काकांनी दोन्ही पंजे दाखवले. राणीने त्याहून जास्त. काका पुढे झुकले, डोळे चमकायला लागले, पंजा उघडत होते, मिटत होते, पुन्हा उघडत होते. मावशी राणी होऊन चढवत होती आणि तिलाही राणीसारखाच राग यायला लागला होता. मी काकांचा शर्ट ओढला. एवढी वर्षं चाकरी करायला हमाल जगायला तर हवा! काकांनी माझा हात झटकला. राणी, म्हणजे मावशी, खुर्चीतून अर्धी उठली आणि म्हणाली, “शंभर!”

काकांनी हात मागे घेतले. पाठीशी बांधले. आणि छताच्या पंख्याकडे बघायला लागले, जणू नदी नावाचा माल त्यांनी ह्या जन्मात पाहिलाच नव्हता.

 मावशी खाली बसली. “नदी राणीला गेली,” ती सावकाश म्हणाली. “शंभर वर्षांच्या चाकरीच्या बदल्यात. मालकाने तिच्या गळ्यात चाकराचा बिल्ला घातला.” तिने काकांकडे पाहिलं. “हरलात की हो.”

काकांनी तिच्यासमोरचे कापून चिकटवलेले कागद ओढले, शेवटचं पान काढलं आणि तळाच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. मावशीने चष्मा वर केला आणि वाचलं, “दहा वर्षांहून अधिक चाकरी लागलेल्या चाकराला कोणतीही वस्तू बाळगता येत नाही. त्याच्याकडील माल पुन्हा विक्रीस निघतो.” छापील नियम. तिने तो कापला नव्हता, पण तिचं लक्षही गेलं नव्हतं. काकांना तो इतकी वर्षं पाठ होता.

“नदी पुन्हा चौथऱ्यावर आली,” मावशी म्हणाली.  “समोर बोली लावायला आता कुणीच उरलेलं नाही.”

काकांनी एक बोट वर केलं.

ओरडलो असतो तर दगड झालो असतो. मी टेबलावर बुक्क्या मारल्या. लिफ्टवाला उठून गॅलरीत पळाला आणि तिथून रस्त्याकडे तोंड करून बोंबलला, “नदी मिळाली!” खालून कुणीतरी विचारलं, “कुणाची?” डॉक्टर आधीच दगड असल्यामुळे त्यांनी रुमालात तोंड खुपसलं होतं. आणि मावशी सूत्रधारपण विसरून काकांचा तो बोट वर केलेला हात दोन्ही हातांत धरून बसली होती.

काकांचा आवाज परत आला, पण पूर्वीचा नाही. खरवडलेल्या भांड्यासारखा, खालच्या पट्टीतला. डॉक्टरीण बाईंनी बोलायची परवानगी दिली, ओरडायची दिली नाही. बाजारात आता ते कमरेला छोटा लाऊडस्पीकर लावून बोली पुकारतात. आधी फार लाजले. व्यापारी म्हणतात, पूर्वी आम्ही दचकायचो, आता ऐकतो.

ते बोलायला लागल्यावर आम्ही सगळ्यांनी धरूनच चाललो होतो की खुर्ची परत त्यांच्याकडे जाणार. मावशीने तर खुर्चीतली आपली पाठीची उशीसुद्धा काढून घेतली होती. काका आले आणि आमच्या बाजूला, लिफ्टवाल्याच्या शेजारी बसले.

“बसा ना तुमच्या जागेवर,” मावशी म्हणाली.

“नको,” काका त्यांच्या नव्या आवाजात म्हणाले. “तिथे बसलं की पुढे काय होणार ते आपणच ठरवायचं. इथे बसलं की मला काही माहीत नसतं. फार मजा येते गं.”

तेव्हापासून हे असंच चाललंय. ओझ्याची वर्षाची चाकरी संपल्यावर आम्ही नदी खांद्यावर वाहून आणली, डोंगरावरून उलगडली, आणि ती चुकून उलट्या दिशेने वाहायला लागली, ते निस्तरण्यात बरेच रविवार गेले. मावशीच्या हाताखालून ट्रंकेतल्या कितीतरी पुस्तिका गेल्या आहेत. मूळ प्रती पिशवीत, छायाप्रती कात्रीखाली. जे ऐन महत्त्वाचं ते कापण्याआधी ती आता काकांना विचारते. विचारून बहुतेक वेळा कापतेच.

सध्या डॉक्टरांनी हट्ट धरलाय की धोंडफोडचं वय होत चाललं, त्याचं लग्न लावून द्या. मावशीने सगळी ट्रंक उपसली. लग्नाची पुस्तिका एकच निघाली, आणि तिच्यात दुसऱ्याच पानावर मांडवात भूत शिरून नवरानवरीसकट सगळे मरतात. गेला आठवडाभर दोघं टेबलाशी समोरासमोर बसून त्यावर डोकं लावतायत. काकांचं म्हणणं, भूत मुलीकडचं असावं, म्हणजे त्याला रुसवता येईल. मावशी म्हणते, मुलाकडचं, म्हणजे त्याला कामाला लावता येईल. डॉक्टरांना अजून कुणी विचारलेलं नाही.